आत्याबाईंच्या तापाचा नवस

चहा आधी पिऊन घ्या बाई, नंतर ठसका लागेल! लोक नवस कशासाठी बोलतात? नोकरी लागावी, पाळणा हलावा, दुखणं बरं व्हावं. आणि मी बोलले, सासूबाईंना ताप यावा म्हणून!

थांबा, लगेच असं बघू नका माझ्याकडं. मागच्या हिवाळ्यात आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, छातीत कफ भरला होता. पण अंगाला चटका म्हणून नाही, नुसत्या पेंगायच्या. आम्हाला वाटलं, थकल्या असतील. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्याच. "वय झालं की शरीर लवकर ओरडत नाही. ताप नाही म्हणजे आजार नाही, असं धरू नका." तेव्हापासून माझ्या जिवाला जो घोर लागला, तो लागलाच.

म्हणून यंदा दोघींनी फ्लूची लस घेतली. संध्याकाळपर्यंत मला थंडी, ताप. दंड असा सुजला की पोलक्याची बाही निघेना! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, "अंग तापलं तर घाबरू नका, शरीर कामाला लागलं समजा."

आणि आत्याबाई? भाकरी-ठेचा खाऊन निवांत मालिका बघतायत!

"आत्याबाई, कणकण वाटतीय का?"

"नाय गं."

"दंड तरी दुखतोय?"

"नाय. गुडघा दुखतोय, पण तो तर रोजचाच."

म्हटलं, झालं, यांचं शरीर परत झोपलं! लस वाया गेली! दुसऱ्या दिवशी येता-जाता त्यांच्या कपाळाला हात लावत होते. कपाळ आपलं माठासारखं गार. शेवटी दिवेलागणीला देवापुढं पदर पसरला, हर्सूलच्या देवीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "माय, आत्याबाईंना ताप येऊ दे. थोडा का होईना, पण येऊ दे! तुझी ओटी भरीन. तोवर गोडाला शिवणार नाही."

मागं तांब्या आपटला. आत्याबाई!

"व्हय गं, माझ्या तापावर ओटी?"

"तसं नाही हो, तुमच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी ताप? मग लई भलं व्हावं म्हणून टायफॉइड माग की!"

लगेच शेंद्र्याला राहणाऱ्या लेकीला फोन. सकाळी नणंदबाई रिक्षातून उतरल्या त्या चपला न काढताच, "वहिनी, माझ्या आईनं तुमचं काय घोडं मारलं?" आमचे हे, घरात दूध असताना, पुन्हा दूध आणायला निघून गेले.

मग आमची वरात दवाखान्यात. सगळं ऐकून डॉक्टरीणबाई आधी पोटभर हसल्या. "अहो, म्हातारपणी लशीनंतर ताप, सूज कमीच येते. रोगाशी लढायची ताकद तरुणांएवढी नसेल बनत, पण बनते. लस वाया गेली नाही."

"मग माझा गुडघा कसा सुजतो?" आत्याबाई.

"तीच तर गंमत, आजी. वय झालं की आतली चूल हवी तेव्हा भडकत नाही, आणि नको तेव्हा धुमसत राहते."

लस वाया गेली नाही म्हटल्यावर माझे तर डोळेच भरून आले. नणंदबाईही जरा वरमल्या. परतताना रिक्षा हर्सूलला वळवली. मी देवीची माफी मागितली, मनातल्या मनात! आत्याबाईंनी मात्र हात जोडले आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माय, माझ्या सुनेला अक्कल येऊ दे. तुला साडी नेसवीन!"

त्याला बरेच महिने झाले. परवा मीच विषय काढला, "आत्याबाई, देवीच्या साडीसाठी गुलमंडीच्या बाजारात जाऊन यायचं का?"

त्या म्हणाल्या, "काय घाई हाय? नवस आधी पावू तर दे!"