उत्तमभाऊ आणि मागच्या बाई

कंपनीच्या बसमध्ये उत्तमभाऊ आपली पिशवी कधी वरच्या फळीवर ठेवायचे नाहीत. ती मांडीवर असायची, तोंड किंचित उघडं, आणि आत एक हिरवा दिवा लागलेला. पहिल्या दिवशी पिशवीतून डोकावणारी वायर पाहून मी गुपचूप मागच्या सीटवर सरकलो होतो. मी चाकणला नवा, ते असेंब्लीतले जुने. माझी तंतरलेली पाहून त्यांनीच पिशवी पुढे केली. "बॉम्ब नाही राव, गाण्याची मशीन हाय. हात लावून बघ. बटण तेवढं दाबू नको."

गायक स्टेजवर पायाशी ठेवतात ते रिव्हर्बचं पेडल होतं. माइकचा आवाज त्यातून गेला की मांडवात गाणारा माणूसही एखाद्या मोठ्या घुमटाखाली गातोय असं वाटतं. या पेडलला आणखी एक बटण होतं. ते दाबलं की शेवटचा सूर तसाच धरला जातो आणि वीज आहे तोवर घुमत राहतो. वीज तुटली की गेला. म्हणून पिशवीत पॉवर बँक, आणि गेटवर पोचलं की वॉचमनच्या चौकीत चार्जिंगला. बिचारा वॉचमन स्वतःच्या मोबाइलची पिन काढून यांना जागा करून द्यायचा.

त्या पेडलमध्ये उत्तमभाऊंच्या बायकोचा सूर होता. कमलवहिनी आणि ते दोघं मिळून विहारांमध्ये, जयंतीला, लग्नांत गायचे. नवीन पेडल आणलं त्या दिवशी कासारवाडीच्या खोलीत तालीम झाली. वहिनींनी शेवटचा 'आ' लावला आणि उत्तमभाऊंनी गंमत म्हणून तो धरून ठेवला. मग आवाजाचं बटण शून्यावर आणून वहिनी भाजी आणायला गेल्या. हमरस्ता ओलांडताना त्यांना टेम्पोनं उडवलं. सगळे विधी उरकून, पाहुणे गेल्यावर उत्तमभाऊ कोपऱ्यात बसले, तर दिवा अजून हिरवाच होता. त्यांनी आवाज हळूच वाढवला.

मी की-बोर्ड वाजवतो हे कळल्यावर त्यांनी मला आपल्या गाण्याच्या पार्टीत ओढलं. पहिल्याच कार्यक्रमात माझ्या अंगावर काटा आला. ते गायचे आणि त्यांच्या मागे, अगदी बारीक, एक बाई न थांबता सूर धरून उभी असल्यासारखी वाटायची. कार्यक्रम संपला की कुणी ना कुणी हटकून विचारायचं, "मागं गाणाऱ्या बाई कुठं गेल्या?" उत्तमभाऊंचं उत्तर ठरलेलं. "भूत नाही, करंट हाय." बाबासाहेबांच्या वाटेनं चालणाऱ्या घरात वाढलेला माणूस, अंगारेधुपारे, भानामती यांचं नाव काढलं तरी चिडायचा. एकदा तो सूर मध्येच श्वास घेतल्यासारखा थबकला आणि पुन्हा सुरू झाला. मी वाजवायचा थांबलो. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "व्होल्टेज हाय. तू वाजव."

अडचण एकच होती. तो सूर वहिनींच्या पट्टीतला, काळी चारचा. बाईमाणसाच्या गळ्याला सोयीची पट्टी, पुरुषाला ताणच. वहिनी असताना दोघं मिळून निभावून न्यायचे. आता सगळी गाणी एकट्यानं त्याच पट्टीत गायची म्हणजे रोज गळा खरवडून काढणं. त्यांना थुंकीतून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी बजावलं की असंच ताणत राहिलात तर बोलायचा आवाजही राहणार नाही. मी विनवलं, भांडलो, शेवटी वहिनींची शपथ घातली. ते शांतपणे म्हणाले, "मी खाली उतरलो तर ती बेसूर ऐकू येईल, राव. तिला कधी बेसूर ऐकलंय का कुणी?"

मग दापोडीच्या विहारातला तो दुपारचा कार्यक्रम आला. समोर बायाबापड्या, पोरंटोरं, पत्र्याखाली उकाडा. दुसरं गाणं ऐन रंगात असताना मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. मागचा सूर नव्हता. मी वाकून पाहिलं तर दिवा विझलेला. मांडववाल्यानं आपला फोन चार्जिंगला लावायला म्हणून स्टेजखालची पॉवर बँक मोकळी करून घेतली होती. वर्षानुवर्षं एका वॉचमनला जे समजलं होतं ते त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

उत्तमभाऊ गायचे थांबले. खाली वाकून त्यांनी निघालेली वायर उचलली आणि हातात धरून नुसते उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस आता इथेच कोसळणार. लोक चुळबुळ करू लागले. मग ते माझ्याकडे वळले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पट्टी उतरव."

मी काळी एक धरली. त्यानंतर ते जे गायले ते मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. सैल, भरदार, स्वतःच्या गळ्यातलं गाणं. मला रडू आलं. पुढे ते जाईपर्यंत, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत, त्याच पट्टीत गायले. पेडल पुन्हा कधी लावलं नाही.

कार्यक्रमानंतर आम्ही वायरी गुंडाळत होतो. पुढच्या रांगेतल्या एक आजी काठी टेकत स्टेजपाशी आल्या. दरवर्षी यायच्या, दरवर्षी त्या बाईंची चौकशी करायच्या.

"भाऊ, तुमच्या मागं गात्यात त्या बाई," आजी म्हणाल्या, "आज जरा खालच्या सुरात गायल्या. लई बरं वाटलं. न्हाईतर बिचारी किती ताणून गायची."

उत्तमभाऊंनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती वायर अजून त्यांच्या हातातच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आजींकडे.

"दमल्यावानी वाटली का ओ?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," आजी म्हणाल्या, "निवांत व्हती."