झुंबरबाईला ताप आला नाही

धाड गावात प्लेग आला त्या साली गोजरबाईनं साठी ओलांडली होती. घराघरांत उंदीर मरून पडायला लागले तसे लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिले. तिची झोपडी नाल्याच्या काठाला आणि तिला लागूनच झुंबरबाईची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. एकीच्या लेकरांना दुसरीनं पाजलेलं.

लक्ष्मीकांत डॉक्टरांचा दवाखाना गावातच होता. आता त्यांनीही रानात तंबू ठोकला होता. तीन वर्षांमागे गोजरबाईचा पाय सडायला आला, तेव्हा त्यांनी पंधरा दिवस रोज येऊन तो आपल्या हातानं धुतला होता. तेव्हापासून त्यांच्या शब्दावर तिचा डोळे मिटून विश्वास.

प्लेगची लस आली, पण टोचून घ्यायला कोणी तयार होईना. सुईनं माणूस मरतो अशी बोलवा उठली होती. डॉक्टर गोजरबाईकडे येऊन घोंगडीवर बसले. म्हाताऱ्यांनी आधी टोचून घेतलं तर तरण्यांची भीती जाईल, म्हणाले. दोन दिवस ताप येईल, दंड सुजेल, पण ते औषध लागू पडल्याचं लक्षण.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत तिनं दंड पुढे केला. सडकून ताप भरला. उतरला तशी ती झोपडी-झोपडी फिरली आणि तीसेक म्हातारी माणसं तंबूपाशी घेऊन आली. झुंबरबाई सुईला फार भ्यायची. गोजरबाईनं तिचं डोकं मांडीवर धरलं, तेव्हा कुठे तिनं टोचू दिलं. त्यांच्यामागून तरण्यांची रांग लागली.

झुंबरबाईला ताप आला नाही, दंडही सुजला नाही. त्या तिसांपैकी कोणालाच काही झालं नाही. आपलं हाड तुझ्यापेक्षा चिवट, असं झुंबरबाई हसून सांगायची. गोजरबाईलाही बरंच वाटायचं.

पंधरा-वीस दिवसांनी झुंबरबाईची ज्वारी सरली. घरातल्या कणगीत होती, पण ओस गावात कोणी पाऊल टाकत नव्हतं. जाऊ का, म्हणून ती विचारायला आली.

"जाय ना," गोजरबाई म्हणाली. "तुले तं टोचलं आहे."

ती गेली आणि दुपारभर कणगी उपसत बसली. चौथ्या दिवशी जांघेत गाठ आली. आठवड्याच्या आत झुंबरबाई गेली.

गोजरबाई तंबूत गेली. लस घेऊनही एखाद्याला प्लेग होतो, असं डॉक्टर समजावू लागले. तिनं ऐकून घेतलं.

"मले ताप आला. तिले काऊन नाही आला?"

डॉक्टरांनी तंबूचा पडदा ओढून घेतला. लस पुरेशी आली नव्हती, असं ते हळू आवाजात सांगू लागले. होती तेवढी तरण्यांना, लेकुरवाळ्यांना द्यायची त्यांनी ठरवलं. पण म्हाताऱ्यांना टोचलेलं दिसल्याशिवाय तरणे आले नसते. म्हणून त्या तिसांना उकळून गार केलेलं पाणी टोचलं.

"तुम्हाला मात्र खरी दिली, गोजरबाई."

"मले ताप यावा म्हणून दिली," ती म्हणाली. "लोकायनं तो पाहावा म्हणून."

डॉक्टरांनी हात जोडले. नवी लस वाटेत आहे, पाण्याचं बाहेर फुटलं तर कोणी दंड पुढे करणार नाही, तेव्हा चार दिवस गप्प राहा, म्हणाले.

चार दिवसांत आणखी कोणी गावात गेलं तर? ती तशीच उठली आणि ज्यांना तिनं आणलं होतं त्या प्रत्येकाच्या दारी गेली. तुम्हाला पाणी टोचलंय, गावात जाऊ नका, एवढंच सांगितलं. कोणी डॉक्टरांना शिव्या घातल्या, बहुतेकांनी तिलाच. झुंबरबाईचा मुलगा उकंडराव सगळ्यांत शेवटी भेटला.

"तुह्या मांडीवर डोकं होतं तिचं, काकू," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं झोपडी उचलून नाल्यापलीकडे नेली.

नवी लस आली तेव्हा गोजरबाई बोलावणं नसताना जाऊन टेबलापाशी बसली. प्रत्येक बाटली आपल्यासमोर फोडायला लावली; म्हातारे आधी, म्हणाली. डॉक्टरांनी मान खाली घालून तसं केलं. अकराच जण आले. रात्रीपर्यंत अकराही जण तापानं फणफणले. ती त्यांच्या कपाळांवर हात ठेवत फिरली. डॉक्टर वाटेत आडवे आले, काही बोलू पाहत होते. ती वाट सोडून ढेकळांतून पुढे गेली.