व्याह्यांच्या दारावरून जाणारी शर्यत

बोरी बुद्रुकचे चांगदेव कोरडे पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटाचं पाणी कोणाच्या शेतात कधी जातं, आणि जायला नको तेव्हा कोणाच्या शेतात जातं, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. नव्वदच्या दशकात तालुक्यात ऊस वाढला, मोटारी वाढल्या आणि पाटात चोरून पाइप टाकणारेही वाढले. चांगदेव सायकलवरून पाटाच्या कडेनं जायचे. पाइप दिसला की सायकल टाकून कपड्यांनिशी पाटात उडी मारायचे, पलीकडे निघायचे आणि पाइपवाल्याच्या मागे उसातून पळायचे. पोहणं, सायकल आणि पळणं ही तिन्ही कामं ते एका पगारात करत. निवृत्त झाले तेव्हा ज्यांच्या मागे ते पळाले होते त्यांतले बरेचजण समारंभाला आले होते आणि पुढच्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होते. चांगदेवांनाही त्यांना समोरून बघून बरं वाटलं. एरवी पाठीच ओळखीच्या होत्या.

असा हा माणूस पाण्याला, अंधाराला आणि पुढाऱ्यांना भीत नसे. अडचण एवढीच, की मानाच्या बाबतीत तो अतिशय हळवा होता. आणि त्याला व्याही मिळाले तेही तसेच.

चांगदेवांची एकुलती एक मुलगी हर्षाली. २००४ साली ती अवसरी खुर्दच्या भागूजी भोरांची सून झाली. आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं पाच असतात आणि स्वागतं पाचशे. माइकवाल्यानं त्या दिवशी आजी सरपंचांचं स्वागत केलं, माजी सरपंचांचं केलं, सोसायटीच्या संचालकांचं केलं, आदल्या वर्षी वारलेल्या एका चेअरमनचंही केलं. नवऱ्या मुलाच्या मामांचं नाव मात्र राहून गेलं. मामांना फेटा बांधला होता, नारळ दिला होता, पहिल्या पंगतीला बसवलं होतं. पण नाव पुकारलं नव्हतं.

"फेटा दिसत व्हता की समद्यांना," असं चांगदेवांचं म्हणणं.

"फेटा मांडवात दिसला. नाव चार गावांत ऐकू गेलं असतं," असं भागूजींचं म्हणणं.

या दोन म्हणण्यांत चार वर्षं गेली. हर्षालीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे बोरीला व्हायचं ते मंचरला झालं. बारशाचा निरोप आला तो भागूजींनी स्वतः दिला नाही, पुतण्याकरवी फोनवर दिला. फोनवरचं बोलावणं हे बोलावणं नव्हे, असं ठरवून चांगदेव गेले नाहीत. तिकडे भागूजींनी ठरवलं, की चांगदेव आधी आपल्या दारात येतील, मगच सून माहेरी जाईल. चांगदेवांनी ठरवलं, की आधी बोलावणं येईल, मगच आपण दारात जाऊ. सासरे रानात गेले की हर्षाली आईला फोन करी. कुशाबाईंनी नातीला आजवर दोनदा पाहिलं होतं, तेही दुसऱ्यांच्या लग्नात, मांडवाच्या पलीकडून. चांगदेवांनी एकदाही नाही. तिचं नाव समृद्धी आहे आणि ती लई बोलते, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं.

"तुमच्या दोघांचा मान मोठा झालाय, नात बी मोठी व्हायला लागलीय," असं कुशाबाई भाकरी थापताना तव्याला सांगत. तव्याचा मान कधी दुखावत नसे.

२००८ च्या दिवाळीनंतर चांगदेव एकदा जुन्नरला पीरमहंमदच्या सायकलच्या दुकानात बसले होते. पीरमहंमद त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. पुण्याची काही मंडळी महागड्या सायकली घेऊन नाणेघाटाकडे जात, आणि पंक्चर झाली की त्याच्याकडे येत. त्यांनीच त्याला एक कागद दिला होता. जानेवारीत ट्रायथलॉन नावाची स्पर्धा होती.

"ऐक," पीरमहंमद म्हणाला. "डिंभ्याच्या धरणात पोहायचं. वर आलं की सायकल. घोडेगाव, मंचर करत अवसरी खुर्द. तिथं सायकल ठेवायची, आन पळायचं. सगळ्या गावातनं पळत पलीकडच्या माळावर. दुपारी बाराच्या आत पोचला त्यो पोचला."

बशीतला चहा फुंकणारे चांगदेव थांबले.

"गावातनं म्हंजे? सोसायटीवरनं का देवळावरनं?"

"एवढं पोहायचंय, एवढी सायकल मारायचीय, ते काय न्हाई विचारलंस?"

"त्ये काय, पोहता येतंय मला. रस्ता कुठनं हाय त्ये बघ."

रस्ता देवळावरून होता. देवळाच्या पुढं भागूजी भोरांचं घर, अगदी रस्त्याला लागून.

चांगदेवांनी दोन दिवस विचार केला आणि त्यांना त्यात काही गैर दिसेना. रस्ता सरकारी होता. त्यावरून पळणारा माणूस हा स्पर्धक असतो, पाहुणा नसतो. पळता पळता मान वळवली आणि उंबऱ्यात लेक आणि नात दिसली, तर तो 'गेला' असं कोणाच्या बापाला म्हणता येणार नव्हतं. मानाला धक्का न लागता नात बघायची ही एकच वाट त्यांना चार वर्षांत सापडली होती, आणि तिच्या आधी एक धरण होतं, इतकंच.

पीरमहंमदला हे सगळं कळलं होतं. पण त्याचं लक्ष वेगळीकडेच होतं. साठीच्या पुढच्या गटात चांगदेवांशिवाय कोणीच नाव दिलेलं नव्हतं.

"एकटाच हाय तू गटात! फक्त पोचायचं. पोचला की पहिला! ढाल हाय ढाल, एवढी मोठी!"

त्यानं चांगदेवांच्या काळ्या सायकलवरून कॅरेज काढलं, स्टँड काढला, डायनामो काढला, चेनकव्हरही काढलं. घंटी मात्र चांगदेवांनी काढू दिली नाही. घंटी न वाजवता लोकांच्या पुढं जाणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. मग दोन महिने चांगदेव सकाळी कुकडीत पोहले, दुपारी आळेफाट्यापर्यंत सायकल मारून आले आणि संध्याकाळी गावाबाहेर पळाले. लोक विचारत, "काय अण्णा, कोणी पाइप टाकला का?"

स्पर्धेच्या दिवशी डिंभ्याच्या पाण्यातून वाफा निघत होत्या. पुण्याचे लोक टोप्या, चष्मे लावून अंग झटकत होते. चांगदेव चड्डी-बनियनवर शांत उभे होते. बंदुकीचा बार झाला तेव्हा सगळ्यांनी डोकी पाण्यात घातली. चांगदेवांनी घातलं नाही. तीस वर्षं पाटात पोहताना समोरचा माणूस कुठं पळतोय हे बघावं लागल्यानं त्यांना मान वर ठेवूनच पोहता येत असे. काठावरच्या एका बाईंना वाटलं, की हे आजोबा स्पर्धेत नाहीत, देखरेखीला आहेत.

ते पाण्यातून शेवटून सातवे निघाले. काठावर सायकलपाशी ठेवलेली गांधी टोपी त्यांनी डोक्यावर चढवली. लेकीच्या सासरगावात बोडक्यानं जायचं नसतं. डोक्याचा प्रश्न त्यामुळे सुटला, गुडघ्यांचा राहिला. स्पर्धेला धोतर चालत नव्हतं.

घोडेगाव-मंचर रस्त्यावर पीरमहंमद लुनावरून त्यांच्या मागं होता. बाहेरच्या माणसाकडून मदत घेतली तर स्पर्धक बाद, असा नियम होता. म्हणून तो कसलीच मदत करत नव्हता. फक्त ओरडत होता. चांगदेव घंटी वाजवत तिघाचौघांच्या पुढे गेले. अवसरीत सायकल ठेवून पळायला लागले तेव्हा हाताशी भरपूर वेळ होता. माळावरच्या माइकचा आवाज इथपर्यंत येत होता.

"मारलं मैदान!" पीरमहंमद म्हणाला. "आता कुठं थांबू नको!"

देऊळ मागं पडलं आणि चांगदेवांना समोर एक टेबल दिसलं. जागोजागी स्पर्धकांसाठी पाण्याची टेबलं मांडलेली होती. गावातलं टेबल आपल्या दारात असावं, असं भागूजी भोरांनी संयोजकांना आठवडाभर आधी जाऊन सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं; कोण पळत येणार हे कानावर आलं होतं, तेही नाही. पांढरंशुभ्र धोतर नेसून, टोपी घालून ते सकाळपासून टेबलामागं उभे होते. येईल त्याला पाणी देत होते. कारण रस्त्यावर उभं राहून स्पर्धकाला पाणी देणं म्हणजे काही कोणाला बोलावणं नव्हे.

चांगदेवांचे पाय आपोआप थांबले. भागूजींनी ग्लास भरला, टेबलाच्या कडेला ठेवला आणि देवळाच्या कळसाकडे बघायला लागले. चांगदेवांनी विचार केला. पाणी स्पर्धेचं होतं, घरचं नव्हतं. त्यांनी ग्लास उचलला, प्यायले, ठेवला. भागूजींनी कळसावरची नजर न काढता दुसरा भरला. चांगदेव तोही प्यायले. तिसरा भरला गेला, तोही संपला.

"उंट हाय का रं तू?" लुनावरून पीरमहंमद कळवळला. "चल की राव!"

तेवढ्यात हर्षाली उंबऱ्यात आली. तिच्या कडेवर अडीच वर्षांची समृद्धी होती. समृद्धीनं बनियनवर नंबर लावलेला, घामानं निथळणारा, टोपीवाला म्हातारा पाहिला आणि भोकाड पसरलं. जिच्यासाठी धरण पोहून आलो ती नात आपल्याला बघून रडते आहे, हे चांगदेवांनी पाहिलं. चौथा ग्लास भरलेला नव्हता, तरी त्यांनी रिकामाच तोंडाला लावला.

भागूजी नातीकडे वळले. "रडू नगं गं. आजा हाय त्यो तुझा. आईचा बाप."

चांगदेवही नातीशीच बोलले. "आजा रोज असा उघडा न्हाई फिरत, म्हणावं."

"इचार तुझ्या आज्याला," भागूजी नातीला म्हणाले, "नुसतं पाणीच पिणार, का घरात बी येणार?"

"आज्याला म्हणावं," चांगदेव म्हणाले, "इतकी वर्सं कुणी इचारलं न्हवतं."

ज्या मुलीमार्फत ही बोलणी चालली होती तिचं दोन्ही बाजूंकडे लक्ष नव्हतं. ती जोरात रडत होती. शेवटी आतून साळुबाई, म्हणजे विहीणबाई, पदर खोचत बाहेर आल्या.

"पोरीला रडवताय का दोघं मिळून? पावणं, या आत. आवो, तुमी तरी बोला की त्यास्नी नीट!"

भागूजींनी घसा खाकरला. टोपी सरळ केली.

"या, पावणं," ते चांगदेवांकडे बघून म्हणाले.

पीरमहंमदनं लुना आडवी घातली. "भोर, तुमचं लई बरोबर हाय, पण ह्यो गटात एकटाच हाय! इथनं मैदान दिसतंय बघा. पंधरा मिनटांत माघारी आणतो, ढालीसकट!"

भागूजी समजूतदारपणे म्हणाले, "मंग उरका की शर्यत. आमी कुठं जातोय?"

चांगदेवांनी माळाकडे पाहिलं. माइकवर कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"तसं न्हाई जमायचं, इवाई," ते म्हणाले. "आत्ता तुमी बोलावलं म्हणून येतोय. तिकडं जाऊन माघारी आलो, तर मी हून आलो असं व्हईल."

भागूजींनी क्षणभर विचार केला. मुद्दा बिनतोड होता. आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना या माणसाबद्दल आदर वाटला.

"मंग पयलं आत या," ते म्हणाले. "धोतर देतो."

चांगदेवांनी बनियनवरचा नंबर सोडवून पीरमहंमदच्या हातात ठेवला आणि पाय धुऊन उंबरा ओलांडला. हर्षाली पाया पडली. ती, "नीट पुसा पाय, ओलं हायेत," एवढंच म्हणाली.

जेवायला मासवडी होती. मासवडी काही तासाभरात होत नाही. बेसन घोटावं लागतं, तीळ-खोबऱ्याचं सारण भाजावं लागतं. साळुबाई पहाटे उठल्या असणार, हे पहिल्याच घासाला चांगदेवांना कळलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. भागूजींनीही वाढता वाढता, "सहज केलीय," असं सांगितलं.

बाराच्या सुमाराला मोटारसायकलवरून स्पर्धेचा एक कार्यकर्ता शोधत आला.

"काका, तुम्ही रस्त्यातून गायब झालात! किती वेळ लागेल अजून?"

"रस्सा लई गरम हाय," चांगदेव म्हणाले.

पीरमहंमदनं त्याला बाजूला घेऊन नियमांत जेवणाबद्दल काही लिहिलेलं नाही, असा युक्तिवाद करून पाहिला. त्यानं ऐकून घेतलं, चांगदेवांच्या नावापुढे फुली मारली, आणि साळुबाईंनी पुढं केलेल्या पाटावर बसला. मासवडीची चव घेतल्यावर तो आणखी अर्धा तास कर्तव्यावर परत गेला नाही. पीरमहंमदनंही दुखवट्यात दोन भाकरी खाल्ल्या. साठीच्या पुढच्या गटाची ढाल त्या वर्षी कोणालाच मिळाली नाही.

संध्याकाळी जीप करून चांगदेव बोरीला आले. आधी हर्षाली उतरली, मग तिनं झोपलेल्या समृद्धीला उतरवलं. शेवटी चांगदेव उतरले, अंगात दुसऱ्याचा सदरा आणि पायात घोळणारं दुसऱ्याचं धोतर. भागूजी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. कुशाबाईंनी शर्यतीचं काही विचारलं नाही. त्यांनी झोपलेली नात खांद्यावर घेतली आणि तशाच आत जाऊन अंधारात बसून राहिल्या. कोणी दिवा लावायला गेलं की, "ऱ्हाऊ दे, उठंल ती," म्हणत.

समृद्धीला आजा पटायला तीन दिवस लागले. त्यासाठी त्यांना एकदा घोडा आणि दोनदा बैल व्हावं लागलं. चौथ्या दिवशी कुशाबाईंनी भागूजींचं धोतर खळ घालून धुतलं, वाळवलं आणि घडी करून चांगदेवांपुढे ठेवलं.

"कुणाच्या हाती पाठवायचं?"

"मीच जातो घेऊन," चांगदेव म्हणाले.

"बोलावल्याबिगर?"

"धोतर त्येंचं हाय," चांगदेव टोपी झटकत म्हणाले. "त्येला कसलं बोलावणं?"