तीस हात खोल विहीर आणि विद्यापीठातलं एक टेबल

इंदूरला जायचं कारण पोहे-जिलबी असतं तर मी ते मोकळेपणानं सांगितलं असतं. पण या वेळी वहिनीचा फोन आला होता.

"ताई, तुम्ही एकदा याच. विद्यापीठातली एक मुलगी सारखी आईंना फोन करते आणि आई पटकन ठेवून देतात. तुमचं तेवढं ऐकतात त्या."

आई म्हणजे वहिनीच्या सासूबाई, माझी कुसुमआत्या, वय एकोणनव्वद. मध्यभारत नावाचं राज्य होतं त्या काळात ती इंदूरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. तेव्हा इंदूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, कॉलेजं परप्रांतातल्या विद्यापीठाला जोडलेली. तिच्या सरांनी तिला इंदूरजवळच्या हातोदकडच्या विहिरींचं पाणी मोजायला पाठवलं आणि दोन वर्षं मोजून तिनं एक जाडजूड नोंदवही भरली. मग अचानक शिक्षण सोडलं, लग्न केलं, आणि त्या वहीबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळे समजले, लग्नामुळे सुटलं. कॉलेजचे जुने कागद पुढे इंदूरच्याच मोठ्या सरकारी विद्यापीठात गेले, त्यात ती वहीही गेली. आता एक मुलगी त्याच विहिरींवर पीएचडी करत होती आणि तिला आत्याला फक्त एक प्रश्न विचारायचा होता.

मी नाशिकहून पहाटे पाचला गाडी काढली. चारशेच्या आसपास किलोमीटर आहे, रस्ता चांगला, आठ-नऊ तास धरून चाला. धुळ्याला पहिला चहा घ्या, पुढे बराच वेळ बरा मिळत नाही. सेंधव्याच्या अलीकडच्या घाटात ट्रकच्या मागे निमूट राहा. मी राहिले नाही आणि एका सरदारजींकडून योग्य त्या शब्दांत समज घेतली. खलघाटला नर्मदा लागते. तिथे पाच मिनिटं थांबा, पुलावर नाही, पूल संपल्यावर. दुपारी दोनला सुदामा नगरात पोचले तेव्हा आत्या दारात खुर्ची टाकून बसलेली होती.

"आली? रस्त्यात काही खाल्लं की नाही? चल, भुट्ट्याचा कीस गरम आहे."

कीस खाता खाता मी हळूच विषय काढला.

"ती वही जाळून टाक म्हणावं," आत्या म्हणाली. "बिल्कुल फालतू आहे."

"फालतू कशी? दोन वर्षं उन्हातान्हात फिरलीस ना?"

"आहे फालतू, बस. तू कीस घे अजून. वाढू का?"

मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. विषय टाळणारं पोर मला लांबून ओळखू येतं, मग ते एकोणनव्वद वर्षांचं का असेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरून पोहे आणले. प्लेटचे पंचवीस रुपये, वरून शेव आणि जिरावण मसाला, आणि "कमी तिखट" असं सांगितलं तर देणारा तुमच्याकडे दयेनं बघतो. पोहे खाताना वहिनी सहज बोलून गेली की त्या मुलीच्या गाइडनं सांगितलंय, पुढच्या आठवड्यात प्रबंध जमा होतोय, जुन्या वहीचे आकडे जुळत नाहीत तर ते वगळून टाक.

आत्याचा चमचा थांबला. "वगळणार म्हणजे? सगळीच वही?"

"सगळीच."

ती प्लेट बाजूला सारून उठली. मग आत गेली आणि महेश्वरी साडी नेसून बाहेर आली. "चल. पण मी बोलणार काही नाही, आधीच सांगते."

आता विद्यापीठाबद्दल. माझं आजवरचं मत स्पष्ट होतं: पीएचडी म्हणजे जाड पुठ्ठ्यात बांधलेली रद्दी. लिहिणारा, तपासणारा आणि वाळवी, एवढेच तिचे वाचक. हे मत घेऊनच मी ग्रंथालयाच्या प्रबंध विभागात शिरले आणि दारातच थबकले. मांडण्या छतापर्यंत गेलेल्या, आणि एका ओळीत उभ्या राहून वाचलेल्या पाठींवरची नावं अशी: काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा. कापड गिरणीतल्या कामगारांची फुप्फुसं. माळवी लग्नातली गाणी. हरभऱ्यावरची अळी. शेव तळून तळून तेलाचं काय होतं. त्याच्या शेजारी ताऱ्यांचं तापमान. कुणीतरी पाच वर्षं फक्त पोपटांच्या ढोलीत डोकावत काढली होती. मी पुढे सरकत राहिले, ओळ संपेना. माणसाला इतकं सगळं जाणून घ्यावंसं वाटतं आणि ते करायला एक सरकारी इमारत जागा देते, हे मला या वयात, त्या दालनात पहिल्यांदा उमगलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

"मॅडमजी, ये तो आधा भी नहीं है," तिथले ग्रंथपाल म्हणाले. "ऊपर दो मंज़िल और हैं."

तेवढ्यात ती मुलगी आली. रेणुका. हिचे पूर्वज होळकरांच्या फौजेत, ही विहिरींत उतरते. आत्याला बघून तिनं आधी वाकून नमस्कार केला आणि मग आम्हाला एका लांब टेबलाशी नेलं. टेबलावर आठ प्रबंध उघडे होते, मधोमध तपकिरी कापडाची एक नोंदवही.

"आजी, हे सगळे तुमच्या वहीतून निघालेत. मी ढूंढून ढूंढून काढले."

एक भूगर्भशास्त्राचा, पाण्याच्या पातळीवर. एक रसायनशास्त्राचा, कारण आत्यानं प्रत्येक विहिरीपुढे पाणी गोड, मचूळ की खारट ते लिहिलं होतं. एक वैद्यकाचा: कुठल्या घरात नारू झालेला माणूस आहे हेही तिनं टिपलं होतं. एक समाजशास्त्राचा: कुठल्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नाहीत. एक वनस्पतींचा: विहिरीच्या दगडांत काय उगवतं. एक बैलांच्या मोटा जाऊन इंजिनं कशी आली त्याचा. एक संख्याशास्त्राचा. आणि आठवा माळवी बोलीचा, कारण पाणी भरता भरता बायका गायच्या ती गाणी समासात उतरवलेली होती.

"सर म्हणायचे, जे दिसेल ते लिही, कामाचं कोणतं ते नंतर कळेल," आत्या पुटपुटली. ती उभीच होती.

या आठ विभागांतले लोक एकमेकांना ओळखतही नसतील. आणि आठही जण एका वीस वर्षांच्या पोरीच्या वहीवर वाकून बसले होते, माझ्या आत्याच्या. मी तिच्याकडे बघितलं. माझा ऊर अभिमानानं भरून आला होता आणि तिचा चेहरा मात्र पकडल्या गेलेल्या माणसाचा झाला होता.

"बस, एकच प्रॉब्लेम आहे," रेणुका म्हणाली. "ही विहीर बघा. तुम्ही तळ लिहिलाय तीस हात. एक हात अठरा इंच, म्हणजे पंचेचाळीस फूट. आता ती सूखी पडलीये. मी सगळा गाळ काढवला, खाली काळा खडक लागला. तो आहे चाळीस फुटांवर. आता खडक तर वर येणार नाही न? माझे गाइड म्हणतात, आकडे अंदाजपंचे आहेत. आणि हे पण, पहिले दोन आठवडे सगळं शाईनं, फुटांत आहे. मग आकडे हातांत, ते पण पेन्सिलनं. बाकी सगळं शाईनंच आहे. का आजी?"

आत्या खाली बसली.

"कॉलेजचा टेप होता, कापडाचा," ती म्हणाली. "तिसऱ्या आठवड्यात विहिरीत पडला. सर खूप कडक, मी डरले. सांगितलंच नाही. मग तिथल्या बायका मोजायच्या तसं मोजलं. दोरीला दगड बांधून तळाला टेकेपर्यंत सोडायची, मग वर खेचायची आणि हातानं मोजायची; ओली किती तेही बघायचं. नवीन टेप मिळाला की सगळं परत मोजीन, शाईनं लिहीन, असं ठरवलं होतं. म्हणून पेन्सिल. टेप काही मिळाला नाही. शेवटी सरांनी विचारलं, हे सगळं पक्कं आहे न? मला हो म्हणता नाही आलं. मी कॉलेजच सोडलं."

सत्तर वर्षं ही बाई ती वही खोटी आहे असं मानून जगली होती. आणि मी, जिनं वर्गावर्गाकडून 'एक हात म्हणजे दीड फूट' घोकून घेतलं, मला आत्ता तिची चार फूट दहा इंचांची मूर्ती नीट दिसली.

"आत्या, कोणाच्या हातानं मोजलंस?"

"कोणाच्या म्हणजे? माझ्याच न. कोपरापासून बोटापर्यंत."

रेणुका ताडकन उठली. मग धावत जाऊन बाइंडिंगवाल्यांकडून टेप घेऊन आली. आत्यानं बाही वर सारली, कोपर टेबलावर टेकवलं. संधिवातानं मधलं बोट पुरतं सरळ होईना, तरी तिनं ते दाबून धरलं.

"सोळा," रेणुका म्हणाली.

तीस गुणिले सोळा, भागिले बारा. मी तोंडी केलं: चाळीस. रेणुकानं दुसरी विहीर काढली, एकवीस हात. तिच्या टेपनं अठ्ठावीस फूट. जुळलं. तिसरी, चोवीस हात, बत्तीस. जुळलं. चौथीपर्यंत आमचे दोघींचे आवाज इतके चढले की ग्रंथपाल येऊन उभे राहिले, आणि गप्प करायचं सोडून विचारते झाले, "माताजी का हाथ ही फुटपट्टी है क्या?"

आत्या रडत होती. मी तिला रडू दिलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही हातोदला गेलो, पाऊण-एक तासाचा रस्ता. त्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. आत्यानं जाळीतून खाली बघितलं, एक खडा टाकला आणि "टेप इथेच पडला होता" एवढंच म्हणाली. येताना सियागंजच्या बाजारातून जिरं आणि हिंग घेतलं. तुम्हीही घ्या, पण गाडी लांब लावून चालत जा.

नाशिकला येऊन आता पंधरा दिवस झाले. रद्दीवाला आला की हल्ली मी प्रत्येक वही उघडून बघते. ग्रंथालयातली ती न संपणारी ओळ डोळ्यांसमोरून हटत नाही. त्यातल्या किती पाठींमागे कोणाचं भय, कोणाची पेन्सिल असेल, कोण जाणे.

परत आले त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. प्रबंध जमा व्हायच्या आदल्या दिवशी आत्यानं स्वतः रेणुकाला घरी बोलावलं. म्हणाली, त्या दिवशी बोट वाकडं होतं, आणि सर सांगायचे, तीनदा मोजल्याशिवाय आकडा धरायचा नाही. रेणुकानं स्टीलच्या टेपनं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सोळाच आले. तिनं ते टिपायला पेन्सिल काढली, तर आत्यानं तिचा हात धरला.

"आता शाईनं लिही," ती म्हणाली.