तिसऱ्या गिअरमध्ये टोकावड्यापर्यंत

जानेवारीतला सोमवार, सकाळचे नऊ. हजर: मी, सासरे, मुरबाडचा मेकॅनिक आणि सासऱ्यांची पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी. तापलेल्या इंजिनाचा वास आला की मला ती सकाळ आठवते. पीयूसीत गाडी दोनदा नापास झाली होती. त्या कागदाशिवाय पासिंग होणार नव्हतं आणि दिरांनी भंगारवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. एअर फिल्टर, प्लग, ऑइल असं सगळं मी ओळीने बदलून घेतलं, तरी धूर काळाच. मेकॅनिक हसला. "मामा, तुमी गाडी बैलगाडीसारखी हाकलीत. आत काजळी बसलीय. पळवा तिला." "बैल धूर सोडत नाय रे," सासरे म्हणाले आणि चावी माझ्याकडे दिली. मी माळशेजच्या रस्त्याला लागले, गिअर तिसराच ठेवला आणि टोकावड्यापर्यंत इंजिन गरजतं ठेवलं. "हळू गो," म्हणत सासऱ्यांनी दाराची मूठ धरली. मागे काळा लोट कापलेल्या भातखाचरांवर पसरत होता. परतताना मात्र आरशात रस्ता स्वच्छ दिसू लागला. मुरबाडला इंजिन बंद न करताच पीयूसीची नळी लावून घेतली, आणि गाडी पास झाली. "आमच्या सुनेनं पळवली," सासरे तिथल्या प्रत्येकाला सांगत होते. इतक्या वर्षांत चारचौघांत त्यांनी माझं कौतुक पहिल्यांदाच केलं. घरी आल्यावर म्हणाले, "गाडी आता तुझ्या नावावर कर गो." गाडी आजही पळते. आरसीबुकावर मात्र अजून त्यांचंच नाव आहे. तेवढं काम माझ्याकडून व्हायचं राहिलंय.