शर्टाच्या खिशातले शेंगदाणे

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणतात. संध्याकाळी बॅटऱ्यांच्या शेडमधून माणसं परतायची वेळ झाली की ती दारात येऊन उभी राहते, आणि ज्याचे केस ओले दिसले नाहीत त्याला आल्या पावली परत पाठवते. मग तो कुणाचा का नवरा असेना. पुरुष मंडळी पुटपुटतात आणि निमूट मागे फिरतात. पण ही फौजदारी तिला कुणी हौसेनं दिलेली नाही.

तिचा नवरा त्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं काढतो. माणूस साधा, अबोल, आणि लेकीवर जीव टाकणारा. घरी येताना तो कोपऱ्यावर मूठभर शेंगदाणे घ्यायचा आणि पुडी न बांधता सुटेच शर्टाच्या खिशात टाकायचा. चार वर्षांच्या पोरीला खिशात हात घालून ते हुडकायला फार आवडायचं. गल्लीतल्या सगळ्याच बापांची ही रीत होती. पोरं दारातूनच त्यांच्या अंगावर झेप घ्यायची, आणि ते बघून आयांना दिवसभराचा शीण उतरल्यासारखा वाटायचा.

पुढे पोरीचं पोट दुखायला लागलं. जेवण तुटलं, चेहरा पांढरा पडला, आणि येत असलेले शब्दही ती विसरू लागली. मांजराला हाका मारमारून बेजार करणारी पोर आता नुसतं बोट दाखवायची. सासूचं म्हणणं, लाडानं शेफारली आहे, दुसरं काही नाही. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, रक्तात शिसं आहे. औषध देऊ, पण आधी ते पोटात जायचं थांबवा, कुठून जातंय ते शोधा. हिनं घर पालथं घातलं. भिंतीचा रंग खरवडून काढला, पाणी लांबच्या नळावरून आणलं, जुनी भांडी टाकून दिली. शिसं शेडमध्ये असतं आणि शेड लांब आहे, एवढंच तिला माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ती शेडच्या मालकाकडेच धुणीभांडी करायची. एका सकाळी तिथे कपडे भिजवताना तिच्या मनात आलं, वर्ष होत आलं आपण साहेबांचे शर्ट धुतो, पण त्यांतून कधी काळं पाणी निघालं नाही. नवऱ्याच्या शर्टातून तर नुसती शाई निघते. साहेबही दिवसभर शेडमध्येच असतात की. तिनं मालकिणीला विचारलं. वहिनी मनानं वाईट नव्हत्या, सहज बोलून गेल्या.

"अगं, बाळ झालं तेव्हाच डॉक्टर म्हणाले, शिशाची ती धूळ घरात आणायची नाही. मग ह्यांनी ऑफिसच्या मागे न्हाणीघर बांधून घेतलं. आंघोळ करून, कपडे-बूट तिथेच ठेवून येतात."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्याच हातानं आपण पोरीला उचलून त्या खिशाजवळ धरत होतो, हे आठवून तिला स्वतःचा राग आला. आणि ज्याला सगळं ठाऊक होतं, त्यानं फक्त आपलं पोर सांभाळलं, याचा त्याहून जास्त आला.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत बसला. पण मालकाशी बोलायला तयार होईना. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं, म्हणाला. मग ती स्वतःच गेली. मालकानं तिला बसायला सांगितलं, गोड बोलला आणि हात झटकले. माणसांनाच घरी पळायची घाई असते, नळ दिले तरी कोणी आंघोळ करायचं नाही, म्हणाला.

ती परत आली आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन तिनं कामाचे कपडे गोळा केले. जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडं घट्ट बांधली आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या फाटकाबाहेर त्यांचा ढीग रचला. मागे गल्लीतल्या बायका येऊन उभ्या राहिल्या. वहिनी बाळाला कडेवर घेऊन बाहेर आल्या.

"घाबरू नका वहिनी," ती म्हणाली. "यातली एकही गाठ मी सोडायची नाही. तुमच्या बाळाचं वाईट माझ्या हातून व्हायचं नाही. पण हे कपडे आता आमच्याही पोरांत जाणार नाहीत. कुठे धुवायचे, ते साहेबांनी ठरवावं."

वहिनींनी ढिगाकडे बघितलं, बाळाचं डोकं छातीशी धरलं आणि आत गेल्या. आत काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. हिचं काम मात्र त्याच दिवशी गेलं. महिना सरायच्या आत शेडच्या मागच्या भिंतीला ओळीनं नळ लागले, कपडे धुवायची आणि ठेवायची सोय झाली.

नळ लागले त्या संध्याकाळी नवरा ओल्या केसांनी, धुतलेल्या शर्टात दारात आला. तिनं त्याची कॉलर हुंगली, नखं बघितली, खिसा उलटा करून पाहिला आणि घरातल्या डब्यातले शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले. बापाजवळ जायचं नाही म्हणून किती दिवस तिनं पोरीला दंडाला धरून मागे ओढलं होतं. आता पोर उंबऱ्याच्या आत उभी होती, हात पाठीमागे बांधून, आणि बापाकडे न बघता आईकडे बघत होती.

"जा," ती म्हणाली. पोर हलली नाही. मग फौजदारीण खाली बसली आणि तिचे हात सोडवून म्हणाली, "जा गं, आता जा."