बायडाबाईच्या ओंजळीचं मीठ

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या रोशनबीच्या डंकावर, त्या यांत्रिक मुसळांच्या गिरणीत, उन्हाळ्यात मिरची कांडायला बायकांची रीघ लागते, आणि त्या रिघेची मालकीण रोशनबी नव्हे, बायडाबाई. वय पासष्ट, आवाज खणखणीत. वर्षाची चटणी कुणाच्याही घरची असो, मीठ पडायचं ते तिच्याच ओंजळीनं, किलोला एक. कांडून झालं की चिमूटभर चटणी ती तळहातावर घेणार, जिभेला लावणार आणि म्हणणार, "उतरली." त्याशिवाय कुणी डब्याला झाकण लावत नसे. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, नवरा गेलेला, पोटी मूल नाही. तीस वर्षं बाईकडं मिरवायला होता तो एवढाच मान.

आणि यंदा तिची धाकटी जाऊ चिमणाबाई सहा महिने लेकाकडं अमेरिकेला राहून आली.

आली ती आली, वर गोष्टी घेऊन आली. मुसळं थडाथड पडतायत, बायका शिंकतायत, आणि ही पोत्यावर बसून सांगतीय, "तिकडं सकाळी दुधात मक्याच्या पापड्या घालून खात्यात न्हवं, त्या दवाखान्यातनं आल्यात. दोघं भाऊ आजाऱ्यांसाठी पचायला हलकं काय काय करायचे. एकदा शिजवलेला गहू तसाच राह्यला, शिळा झाला. टाकायचा कसा? लाटला, तर पापड्याच पडल्या. मका मागनं आला."

"अगंबाई," बायका म्हणायच्या. "आणि त्यो टोमॅटोचा सॉस वो?"

"त्यात आधी टोमॅटोच न्हवता. चीनकडचं मासळी खारवून केलेलं पाणी त्ये. अमेरिकेत मागनं टोमॅटो पडला, आणि मधी तर औषध म्हणून त्याच्या गोळ्या इकायचे."

बायडाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नव्याचे नऊ दिवस, असं ती स्वतःला समजावायची. नऊ झाले, पंधरा झाले. बायका आता नंबर नसतानाही चिमणाबाईभोवती कोंडाळं करून बसायच्या, आणि मीठ घालायची वेळ आली की "आक्का, घाला की वो तेवढं" असं पाठमोऱ्याच म्हणायच्या. पाठमोऱ्या! ते तिच्या फार जिव्हारी लागलं. हिला विमानात बसवून पाठवताना चटणीचा डबा कुणी बांधून दिला होता? मीच की, असं तिच्या मनात रोज यायचं आणि रोज जळायचं.

मग खुद्द चिमणाबाईचा नंबर आला. पाच किलो मिरची, त्यातली निम्मी चटणी लेकाला अमेरिकेत पाठवायची. बायडाबाईनं मोजून पाच ओंजळी मीठ घातलं. तेवढ्यात चिमणाबाई म्हणाली, "आणि ऐका, ही मिरची बी तिकडचीच. पोर्तुगीज लोकांनी जहाजातनं आणली. त्याच्या आधी हितं मिरची कुणी बघितलीच न्हवती."

"काय बोलतीस," बायडाबाई उसळली. "मिरची कोल्हापूरची न्हाय? मग आपलं वाडवडील काय गवत खायचे?"

"मिरी घालायचे आक्का. नातवानं पुस्तक वाचून दावलं मला."

बायका हसल्या. चिमणाबाईवर नाही, बायडाबाईवर. तिच्या डोळ्यांपुढं लाल अंधार आला. हात आपला चालत राहिला, मिठाच्या पिशवीत जात राहिला, आणि आणखी पाच ओंजळी पडून गेल्या.

कांडून झालं. तिनं जिभेला चटणी लावली. नुसतं मीठ. बायका वाट बघत होत्या. आज बऱ्याच दिवसांनी सगळ्यांची तोंडं तिच्याकडं होती.

"खारट झालीया," ती म्हणाली. "चिमणे, तू घरनंच मीठ मिसळून आणलं हुतंस व्हय? सांगायचं न्हाईस? चित्त अमेरिकेत असल्यावर असंच हुणार."

चिमणाबाईनं एकदा मिठाच्या पिशवीकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय. माझंच चुकलं."

बायका चिमणाबाईला हसल्या. पुढचीनं आपली मिरची बायडाबाईपुढं केली, तीही तोंड समोर करून. मान परत आला. पण बाईच्या जिभेवरचं मीठ काही जाईना.

घरी येताना तिनं चिमणाबाईला विचारलं, "मी दोनदा घातलेलं तू बघितलंस न्हवं?"

"बघितलं की."

"मग गप का बसलीस?"

"आक्का, तुमच्याकडं एवढं एकच हाय," चिमणाबाई सरळ म्हणाली. "माझ्याकडं लेक हाय, नातू हाय, आता अमेरिका बी हाय."

तिनं ते मायेनं म्हटलं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. विमान हिचं, गोष्टी हिच्या, आता मोठं मनसुद्धा हिचंच, आणि आपल्या वाट्याला काय, तर हिनं टाकलेली भीक. बायडाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सकाळी तिनं आपल्या घरची पाच किलो मिरची उचलली, चिमणाबाईचा खारट चटणीचा डबा घेतला आणि डंक गाठला. भरल्या बायकांत म्हणाली, "रोशनबी, काल मीठ माझ्याच हातनं दोनदा पडलं. चिमणीनं घातलंच न्हवतं. ही बिनमिठाची कांड आणि त्यात मिसळ."

रोशनबीनं मिरची डंकात ओतली. रांगेतल्या पुढच्या बाईनं मात्र आपलं मीठ आपल्याच ओंजळीनं घातलं, बायडाबाईला न विचारता.

बायडाबाई ते बघत भिंतीला टेकून बसली. शेजारी चिमणाबाई येऊन बसली, तरी तिनं तिकडं बघितलं नाही. शेवटी राहवेना.

"अजून एक ओंजळ लागंल त्या मिरचीला," बायडाबाई म्हणाली.

मीठ घालणारी बाई थबकली. तिनं आधी चिमणाबाईकडं बघितलं. चिमणाबाई म्हणाली, "मला काय इचारतीस, मला त्यातलं कळत न्हाय."

बाईनं आणखी एक ओंजळ घातली.